चौसष्ट कचरागाड्या आणि नऊ गाड्यांचे पैसे

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या शहराकडे कागदावर ६४ कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या, सरासरी वय अकरा वर्षं. रोज सकाळी ४८ मार्गांवर गाड्या निघायला हव्यात, निघतात ४४; उरलेल्या वीस वर्कशॉपमध्ये. नव्या गाडीचा भाव पाच वर्षांत चाळीस टक्क्यांनी चढलाय आणि यंदाच्या तरतुदीत जेमतेम नऊ गाड्या बसतात. सभागृहात तीन मतं पडली आहेत: भाव उतरेपर्यंत दोन वर्षं थांबा, कर्ज काढून तीस गाड्या एकदम घ्या, नाहीतर डिझेलचा नाद सोडून सगळं इलेक्ट्रिक करा.

मी बावीस वर्षं कचरागाड्यांचं वर्कशॉप सांभाळलं, शेवटची काही वर्षं खरेदीच्या टेबलावरही बसलो. आधी उत्तर सांगतो. थांबू नका, तीसही घेऊ नका. यंदा नऊ घ्या, पुढच्या वर्षी नऊ, त्याच्या पुढच्या वर्षीही नऊ. "पैसे नवाचेच आहेत" हे तुम्ही रडगाणं म्हणून लिहिलंय, मला मात्र या सगळ्या प्रश्नातली तीच चांगली बातमी वाटली. तुम्हाला मुळात ६४ गाड्या लागत नाहीत. मार्ग ४८, आणि गाड्या धड असतील तर मार्गांच्या सहाव्या भागाइतक्या राखीव पुरतात, म्हणजे आठ. झाल्या ५६. दरवर्षी नऊ बदलल्या तर सहा वर्षं आणि वर थोडे महिने, एवढ्यात सगळा ताफा नवा होतो. त्यानंतर दरवर्षी सात घेतल्या तरी आठ वर्षांचं चक्र फिरत राहतं. अट एवढीच की मधलं एकही वर्ष चुकवायचं नाही, आणि मंजुरी रकमेची न घेता गाड्यांच्या संख्येची घ्यायची. रक्कम मंजूर झाली की भाववाढीत नवाच्या सात होतात, साताच्या पाच होतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्याकडे आजवर नेमकं हेच झालं असणार.

तीस एकदम का नकोत? कर्जाला माझी हरकत नाही. एकाच वर्षी घेतलेल्या गाड्या एकाच वर्षी म्हाताऱ्या होतात, ही अडचण आहे. आमच्याकडे एकदा निधी आला, खर्चायची मुदत संपत आली होती, आणि एकाच मॉडेलच्या अठ्ठावीस गाड्या एका झटक्यात दाखल झाल्या. पहिली चार वर्षं वर्कशॉपमध्ये आम्ही माशा मारल्या. काम नाही म्हणून फिटरची दोन पदंही गेली. सहाव्या वर्षी पॅकिंग सिलिंडरची, म्हणजे कचरा दाबणाऱ्या सिलिंडरची, सीलं पाठोपाठ गेली, मग पंप, मग क्लच. एका वेळी अकरा गाड्या सिलिंडरसाठी उभ्या आणि सिलिंडर उघडायचं बेंच एक. त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी साडेपाचला फोन बंद ठेवावा की काय असा विचार करायचो. तुम्ही रजिस्टर काढून खरेदीची वर्षं एका कागदावर मांडा. अकराची सरासरी ही अशाच कुठल्यातरी घाऊक खरेदीची पडछाया निघेल.

आता कोणत्या गाड्या काढायच्या. इथे बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो, कारण यादी वयाच्या क्रमाने लावलेली असते आणि वरच्या नऊ आपोआप निवडल्या जातात. मालवाहू ट्रक किलोमीटरने झिजतो, कचरागाडी तासांनी झिजते. दिवसाला ऐंशी किलोमीटर फिरलेल्या कचरागाडीने त्या दिवसात कित्येकशे वेळा थांबून पुन्हा पहिला गिअर टाकलेला असतो. चार-साडेचार तास चाकं उभी आणि इंजिन चालू, पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बॉडीला देणाऱ्या जोडावर, पंप फिरतोय आणि दाबपाटी कचरा आत ढकलतेय. ओडोमीटरला यातलं काही दिसत नाही. आम्ही उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर असा ठोकताळा धरायचो. त्या हिशेबाने ओडोमीटर ८० म्हणतो तेव्हा इंजिन पावणेतीनशेच्या आसपास चाललेलं असतं. लांबच्या वस्तीवर जाणारी गाडी कागदावर जास्त चाललेली दिसते आणि अंगाने तरुण असते. दाट गल्ल्यांतली गाडी याच्या नेमकी उलट. म्हणून प्रत्येक गाडीचा अवर मीटर, म्हणजे इंजिनाचे तास मोजणारा मीटर, वाचा. काही गाड्यांत तो बंद असेल, काहींत वायर काढून ठेवलेली असेल. त्यावर आत्ता चौकशी लावत बसू नका. डिझेल किती प्यायली यावरून तास काढता येतात. मोठा कॉम्पॅक्टर लिटरला एक ते दीड किलोमीटरच देतो, त्यामुळे डिझेलच्या नोंदी ओडोमीटरपेक्षा खरं बोलतात.

दुसरी गोष्ट, कचरागाडी म्हणजे एका नंबरप्लेटवर दोन यंत्रं. खाली चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, वर कचऱ्याची बॉडी. दोघींची आयुष्यं वेगळी आणि मरणंही वेगळी. चासी तासांनी जाते, बॉडी पाण्याने. ओल्या कचऱ्यातून गळणारं पाणी आंबट असतं. ते हॉपरच्या, म्हणजे मागे कचरा टाकायच्या हौदाच्या, तळाशी, टेलगेटच्या (मागच्या दाराच्या) रबराखाली आणि पाणी साठायच्या टाकीत बसून पत्रा खातं. रोज धुतलेली आणि आठवड्याने धुतलेली, एकाच दिवशी आलेल्या दोन गाड्यांच्या बॉडीत मी दोन-तीन वर्षांचा फरक पाहिलाय. पत्र्याची जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र मिळतं, ते घ्याच. नसेल तर हातोडी घेऊन तळाशी ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला भद्द वाजतो. मग खाली वाकून बॉडी जिथे चासीला बांधली आहे त्या ब्रॅकेटांपाशी बघा. चासीच्या मुख्य पट्टीला तिथे तडा असेल आणि त्यावर वेल्डिंगचे दोन-तीन थर दिसत असतील तर ती गाडी यादीत पहिली, मग तिचं वय काहीही असो.

चासी धड आणि फक्त हॉपरचा तळ गेलेला असेल, तर गाडी काढू नका. तळाला झीजरोधक पोलादाचा नवा पत्रा घाला, सीलं आणि होज (तेलाच्या नळ्या) एकदम बदला, दोन-तीन वर्षं मिळतात. तुमच्या ६४ मध्ये अशा आठ-दहा तरी निघतील. नवांच्या खरेदीची ताकद वाढवणारा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच आहे. उलट बाजूने, म्हणजे जुनी बॉडी नव्या चासीवर चढवण्याचा उद्योग मी दोनदा करून पाहिला. तिसऱ्यांदा करणार नाही.

आणि एक फसवी गाडी असते. युरो सिक्स किंवा त्या धर्तीच्या धुराच्या नियमांतली, तीन-चार वर्षांचीच, पण ब्रेकडाऊनच्या वहीत सारखं नाव. एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर ती काजळी जाळून स्वतःला साफ करतो. त्यासाठी साधारण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. महामार्गावरच्या ट्रकला ते मिळतं, दर वीस मीटरला थांबणाऱ्या गाडीला मिळत नाही. मग दिवा लागतो, फेरी अर्धी राहिलेली असते, ड्रायव्हर बटण दाबून साफसफाई पुढे ढकलतो, फिल्टर चोंदतो आणि गाडी दोर बांधून परत येते. ही गाडी विकली तर नवी आलेलीही तेच करेल. कचरा रिकामा करून आल्यावर इंजिन तापलेलं असतानाच अर्धा तास तिला उभं राहून फिल्टर जाळू द्या, तो अर्धा तास ड्यूटीच्या वेळापत्रकात लिहा, आणि त्यासाठी ड्रायव्हरला कुणी बोलणार नाही अशी व्यवस्था करा.

आता आकडे. नव्या गाडीची किंमत १०० धरा, हे फक्त उदाहरण आहे. आठ वर्षं वापरून १२ ला विकली, तर वर्षाला ११ घसारा. गुंतलेल्या पैशाचं व्याज सरासरी ४. दुरुस्ती, आठ वर्षांची सरासरी, ७. म्हणजे नवी गाडी वर्षाला २२ ला पडते. आता जुनी घ्या. पुढच्या वर्षात तिची विक्रीची किंमत २ ने घटेल, दुरुस्ती १६, आणि ती बंद पडल्यावर जे होतं त्याचे ९: उभी राहिलेली माणसं, दुसऱ्या गाडीची जादा फेरी, ओव्हरटाइम. झाले २७. ही काढा. शेजारची तेवढ्याच वयाची गाडी १४ मध्ये चालत असेल तर तिला हात लावू नका. गेल्या वर्षी तिच्यावर किती खर्च केला हा प्रश्न इथे येतच नाही, तो पैसा गेला. "आत्ताच इंजिन केलंय, कशी काढायची" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि सुरुवातीला स्वतःही म्हटलंय, की त्यामुळे किती भंगार रस्त्यावर फिरलं याची मोजदाद नको.

बंद पडण्याच्या त्या ९ चा हिशेब करताना एक पथ्य पाळा. वर्कशॉपच्या जॉब कार्डावर फक्त सुटे भाग आणि मजुरी असते. गाडी मार्गावर बंद पडली की ड्रायव्हर आणि मागचे दोन-तीन कामगार तासन्‌तास उभे राहतात, तो खर्च आस्थापनेच्या, म्हणजे पगाराच्या, हेडखाली जातो आणि गाडीच्या नावावर कधीच येत नाही. तो गाडीच्या नावावर आणा. तसं केलं की जुन्या गाडीचा स्वस्तपणा बहुतेक वेळा तिथेच संपतो.

भाव चढले की गाडी थोडी जास्त वापरणं योग्य असतं, हेही खरं. नवी महाग झाली की तो २२ चा आकडा वर सरकतो आणि बदलायची वेळ वर्षभर पुढे जाते. पण वर्षभर. सात-आठ वर्षांवरून बारा-तेरावर जात नाही.

थांबलं तर भाव उतरतील का? डिझेल गाडीचे नाही उतरायचे. २०२१-२२ मध्ये चिपांचा तुटवडा होता, पोलाद भडकलं होतं, डिलिव्हरीला महिनोन्‌महिने लागत होते. त्यातलं काही निवळलं. पण एक्झॉस्टचा फिल्टर, धूर साफ करायच्या युरियाची टाकी, सेन्सर, हे सगळं आता गाडीचा भाग आहे आणि नियम मागे जात नाहीत. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तरी दोन वर्षांनी तुमच्या नवातली एक गाडी हवेत गेलेली असेल. आणि त्या दोन वर्षांत ४४ चा आकडा ४४ वर राहणार नाही.

खरेदीच्या आधी मार्गांकडे एकदा बघा. ४८ हा आकडा कधी ठरला होता? मार्ग बहुधा त्या वेळच्या वस्तीवर आखलेले असतात. एखादी गाडी साडेअकरालाच भरते आणि उरलेला वेळ टाकण्याच्या जागेच्या रस्त्यावर घालवते, दुसरी निम्मी रिकामी परत येते. वजनकाट्याच्या तीन महिन्यांच्या पावत्या काढा, प्रत्येक फेरीचं वजन आणि वेळ मांडा. टाकण्याची जागा लांब असेल तर मध्ये हस्तांतरण केंद्र करून तिथून मोठ्या गाडीने माल पुढे नेणं हे कॉम्पॅक्टर वाढवण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. कचरा गोळा करायला बांधलेली महागडी गाडी आणि चार माणसं मालवाहतुकीत अडकवणं ही चैन आहे. आणखी एक: कचरा ओला असेल तर मोठ्या दाबाची बॉडी घेऊ नका. कोरडा, फुगीर कचरा दाबून तिप्पट माल बसतो. ओला कचरा आधीच जड, तो फारसा दबत नाही, पाणी मात्र भरपूर सोडतो, आणि बॉडी भरायच्या आत मागच्या ॲक्सलवरचं वजन हद्दीबाहेर गेलेलं असतं.

निविदेवर मी पानंच्या पानं लिहू शकतो, पण माझे केस ज्यामुळे पांढरे झाले तेवढंच सांगतो. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची. पीटीओ तुटला की चासीवाला म्हणतो बॉडीवाल्याने जास्त दाब लावला, बॉडीवाला म्हणतो चासीचं प्रोग्रॅमिंग चुकलं, आणि गाडी दोघांच्या पत्रव्यवहारात सात आठवडे उभी. म्हणून करार एकाशीच करा आणि संपूर्ण गाडीची हमी त्या एकाच सहीखाली घ्या. आतलं त्यांचं ते बघतील. पहिली गाडी पूर्ण झाल्यावर कारखान्यात जाऊन रिकामी वजनकाट्यावर चढवा. कागदावरची वहनक्षमता आणि खरी वहनक्षमता यांत एक टनाचा फरक निघाला तर तो तिथेच कळलेला बरा. मग ती गाडी तुमच्या सगळ्यात अरुंद गल्लीत तुमच्या सगळ्यात किरकिऱ्या ड्रायव्हरला द्या. तो दोन तासांत जे सांगेल ते समितीला दोन महिन्यांत सापडणार नाही. बाकीच्या आठ त्यानंतरच बांधायला सांगा. फक्त सर्वांत कमी किमतीवर निवड करण्याऐवजी आठ वर्षांचं डिझेल, देखभाल आणि उपलब्धतेची हमी धरून तुलना करा. नियम तसं करू देत नसतील तर निदान तळाच्या पत्र्याचा दर्जा आणि जाडी, पंपाचा प्रकार, दहा वर्षं सुटे भाग मिळण्याची अट, एवढं तरी अटींत लिहून टाका. मॉडेल दोनच ठेवा. पाच कंपन्यांच्या गाड्यांचा ताफा म्हणजे पाच प्रकारची सीलं, आणि हवं असलेलं सील नेमकं सहावं असतं.

इलेक्ट्रिकबद्दल. ही काही कालची कल्पना नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९१७ पासून बॅटरीवरच्या कचरागाड्या होत्या, शेवटची १९७१ मध्ये सेवेतून गेली. थांबत-थांबत चालणं, कमी वेग, रात्री एकाच जागी परतणं, हे काम बॅटरीला मानवतंच. प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परतही मिळते आणि फिल्टरची कटकट नाही. थांबण्यात अर्थ असेलच तर तो या बाजूला आहे, कारण लिथियम बॅटरीचे भाव २०१० नंतरच्या दशकात जवळजवळ नव्वद टक्क्यांनी पडले. पण ३०० किलोवॅट-तासाची बॅटरी दोन टनांच्या आसपास भरते, आणि ते वजन तुमच्या कचऱ्यातून वजा होतं. वीस गाड्या रात्री प्रत्येकी ४० किलोवॅटने लावल्या तर डेपोवर ८०० किलोवॅटचा भार. ट्रान्सफॉर्मर आणि केबल गाड्यांच्या आधी यायला हवेत. गाड्या आल्या आणि वीजजोडणी फायलीत राहिली, तर झाकून ठेवायला ताडपत्री लागते. गाडीचं ठरलेलं काम सोडून तिला आणखी काय करावं लागतं तेही पाहा: न्यूयॉर्क आपल्या कचरागाड्यांना हिवाळ्यात बर्फ ढकलायला लावतं, आणि तिथल्या सफाई विभागाने २०२२ मध्ये सांगितलं की इलेक्ट्रिक गाड्या चार तासांत थकल्या, लागत होते बारा. म्हणून पहिल्या वर्षी नवातल्या दोन इलेक्ट्रिक घ्या, डेपोजवळच्या सपाट मार्गांवर टाका, आणि वर्षभर रोज वीज, वजन, तास लिहा. तिसऱ्या वर्षीच्या नवांत किती घ्यायच्या ते ती वही सांगेल.

सीएनजी मध्यम मार्ग म्हणून सुचवला जातो, आणि गॅस जवळ मिळत असेल तर वाईट नाही. फक्त आगीची तयारी आधी करा. कचऱ्यात आता फोनच्या आणि खेळण्यांच्या बॅटऱ्या येतात आणि दाबपाटीखाली पेट घेतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, आर्लिंग्टन हाइट्सला, सीएनजीच्या कचरागाडीत आग लागून टाक्यांचा स्फोट झाला होता. इंधन कोणतंही असलं तरी पेटलेला माल कुठे आणि कसा ओतायचा हे ड्रायव्हरला पाठ हवं.

भाड्याच्या गाड्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. नव्या गाड्या येईपर्यंत बहुधा वर्ष जाईल आणि आज चार मार्ग उघडे पडतायत, तेव्हा पाच गाड्या वर्षभरासाठी भाड्याने घ्याच. पैसे कशावर देता ते जपून ठरवा. फेरीवर दिले तर अर्ध्या भरलेल्या गाड्या येतात, टनावर दिले तर राडारोडा आणि पाणी येतं. मार्ग पूर्ण झाला की पैसे, आणि वजनकाट्याची पावती पडताळणीपुरती, असं ठेवा. करार बारा महिन्यांच्या पुढे न्यायचा नाही.

राहिल्या जुन्या. पहिल्या नऊ आल्या की तेरा बाहेर काढा. आज उभ्या असलेल्या वीसांतून तेरा निवडणं अवघड नाही, फिटरना विचारा, ते नंबरासकट सांगतील. तेरा गेल्या तरी सकाळचा आकडा ४८ च्या वर जातो, कारण त्या गाड्या तसंही निघत नव्हत्या. फिटरचे हात आणि सुटे भाग मात्र खात होत्या. स्टोअरवाला विरोध करेल, त्याला पार्ट काढायला गाड्या हव्या असतात. दोन द्या, पण नंबरप्लेट काढून आणि रजिस्टरमधून वजा करून. आणि लिलावाची तारीख नव्या गाड्या येण्याच्या महिन्यातच धरा. लांबवली तर एखाद्या सकाळी दोन ड्रायव्हर जास्त येतील, कुणीतरी कोपऱ्यातल्या जुनीला दुसरीची बॅटरी लावून रस्त्यावर काढेल, आणि रजिस्टरवर पुन्हा ६४ लिहिलेलं दिसेल.